डंबेल घेताना पायरीचा हिशेब

पत्र:

माझं वय ५२. पाळी थांबून तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात हाडांची घनता तपासली तेव्हा ऑस्टिओपेनिया निघाला. हाडं विरळ व्हायला लागली आहेत, पण ऑस्टिओपोरोसिसपर्यंत गेलेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, चालणं सोडू नका, पण आता वजनं घेऊन व्यायाम सुरू करा. माझ्याकडे दोन-दोन किलोचे गुलाबी डंबेल दीड वर्षापासून आहेत. नेमाने करते, तरी फरक काही नाही. मुलगी १९ वर्षांची आहे, तिला ताकद वाढवायची आहे. ती म्हणते लांब बार, प्लेट (बारवर चढवायच्या वजनाच्या चकत्या) आणि बेंच असा पूर्ण सेट घेऊ. नवरा (वय ५६, रक्तदाबाची गोळी चालू) म्हणतो, डायल फिरवून वजन बदलणारे डंबेल घेऊ, जागा वाचेल. मैत्रीण म्हणते एक केटलबेल (वर मूठ असलेला लोखंडी गोळा) पुरे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि व्यायामाला खोलीचा दोन बाय अडीच मीटरचा कोपरा आहे. जमिनीला काही होईल का, हीही भीती. आणि खरं सांगायचं तर या वयात जड उचलायचं म्हणजे धाकधूक वाटते. नक्की काय घेऊ, आणि किती किलोचं?

– एक वाचक

उत्तर:

ताई,

दीड वर्ष नेम न मोडता व्यायाम करणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम, आणि ते तुम्ही आधीच साधलं आहे. म्हणून ‘फरक काही नाही’ हे वाचून मला फार वाईट वाटलं. तुमच्या मेहनतीत काही खोट नाही. दोन किलोचं ते ओझं पहिल्या काही आठवड्यांतच तुमच्या शरीराच्या अंगवळणी पडलं आणि त्यानंतर त्याला बदलायचं काही कारणच उरलं नाही.

शरीर फार काटकसरी असतं. जेवढं काम अंगावर पडतं तेवढ्यापुरतंच ते स्नायू आणि हाड बांधून ठेवतं. भरलेली पिशवी घेऊन तुम्ही तीन मजले चढता तेव्हा एकेका हातात चार-पाच किलो सहज असतात. मग दोन किलोच्या डंबेलला शरीराने का दाद द्यावी? ओझं हळूहळू वाढवत नेलं तरच ताकद वाढते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला कळूनही आता बराच काळ झाला. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या पायांत पुन्हा जोर यावा म्हणून अमेरिकी सैन्यातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी ही पद्धत वापरली आणि १९४५ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. तोवर अशा रुग्णांना हलकं वजन देऊन पुष्कळ वेळा हालचाल करायला लावत. बायकांच्या हाती अजूनही गुलाबी, हलके डंबेल ठेवून त्यालाच व्यायाम म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो.

हाडांचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात झालेला एक अभ्यास तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाळी थांबलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रिया होत्या, वयाने तुमच्याहून मोठ्या. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनं उचलली आणि उडीतून पाय जमिनीवर आपटण्याचा एक व्यायाम केला. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. पहिल्या गटात कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्या गटात १.२ टक्क्यांनी घटली. आकडे छोटे दिसतील, पण या वयात हाड आपणहून घटतच असतं. तिथे ते वाढणं ही मोठी गोष्ट आहे. मात्र एक बाब नीट लक्षात घ्या. त्या स्त्रिया जाणकार प्रशिक्षकाच्या नजरेखाली उचलत होत्या आणि सुरुवातीचे काही आठवडे त्यांनी हलक्या ओझ्यावर नुसती पद्धत शिकण्यात घालवले. जड वजनाकडे जायचंय, पण उडी मारून नाही.

वयाची धाकधूक मला समजते. तिच्यावर एक आकडा सांगते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वृद्धाश्रमात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या अशक्त माणसांनी आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तुम्ही ५२ च्या आहात.

आता खरेदीकडे वळू. दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती किलोचं देऊ?’ तुम्ही मात्र एक दुसराच प्रश्न मनात धरून जा: या वजनावरून पुढच्या वजनावर जाताना पायरी केवढी आहे? माझ्या मते घरासाठी वजनं निवडताना याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही, आणि नेमकं हेच कुणी बोलत नाही.

पाच किलोवरून साडेसात किलोवर जाणं म्हणजे पन्नास टक्के वाढ. वीसवरून साडेबावीसवर जाणं म्हणजे साडेबारा टक्के. वाढ दोन्हीकडे अडीच किलोचीच, पण पहिल्या ठिकाणी खांदा अडतो आणि दुसऱ्या ठिकाणी मांड्यांना कळतही नाही. जितकं वजन कमी, तितकी पायरी लहान हवी. म्हणूनच नव्याने सुरुवात करणाऱ्याला, वय झालेल्याला, बारीक अंगाच्या माणसाला बारीक पायऱ्यांची गरज सगळ्यात जास्त असते. आणि तयार जोड्या विकत घेताना नेमक्या त्यांनाच मोठ्या उड्या मिळतात.

मी हे स्वतःच्या खांद्यावर शिकले. माझ्याकडे सुरुवातीला तीन, पाच आणि आठ किलोच्या तयार जोड्या होत्या. पाच किलो डोक्यावर बारा वेळा जायला लागले तेव्हा मी आठ उचलले, कारण मधलं काही घरात नव्हतंच. तिसऱ्या दिवशी खांदा धरला आणि पुढचे चार महिने हात वर करताना कळ येत होती. त्या वेळी सहा किलो हाताशी असते तर काहीही झालं नसतं.

शिवाय एकाच माणसात तीन-चार वेगवेगळ्या ताकदीची माणसं राहत असतात. खांदा सगळ्यात कमजोर, पाठ त्याहून बरीच दमदार, आणि मांड्या-नितंब तर भलतेच जोरकस. जी बाई चार किलो डोक्यावर नेताना थरथरते तीच सोळा किलो छातीशी धरून खुर्चीवरून सहज उठते. एकच वजन घेतलं तर ते कुणाला तरी फार जड आणि कुणाला तरी फार हलकं पडणार. तुमच्या घरात तर प्रत्यक्षात तीन माणसं आहेत.

म्हणून पैसे काढण्याआधी तिघांचीही पाण्याने परीक्षा घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मजबूत बंदांची एक पिशवी आणि लिटर-लिटरच्या भरलेल्या बाटल्या एवढंच लागतं. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरून खुर्चीवरून उठा आणि सावकाश बसा. मग खुर्चीच्या बैठकीवर डावा हात टेकून, पाठ सरळ ठेवून, उजव्या हाताने पिशवी जमिनीवरून कमरेच्या दिशेने ओढा. तिसरी परीक्षा खांद्याची: खुर्चीवर ताठ बसून एका हाताने बाटली खांद्यापासून डोक्यावर न्या. एक लिटर अगदीच हलकं वाटलं तर दीड-दोन लिटरची बाटली घ्या, त्याहून जास्त जमत असेल तर छोट्या पिशवीत दोन-तीन बाटल्या घालून ती मुठीत धरा. प्रत्येक परीक्षेत असा आकडा शोधा की दहा वेळा नीट जमेल आणि थांबताना वाटेल, आणखी दोन-तीन वेळा झालं असतं. बाटल्या एकेक करून वाढवा, घाई नको. तिघांचे मिळून नऊ आकडे कागदावर लिहा. त्यातला सगळ्यात छोटा आकडा तुमच्या सेटचं खालचं टोक ठरवेल. सगळ्यात मोठ्या आकड्यात निम्म्याने भर घाला, की वरचं टोक मिळालं, कारण पहिल्या सहा महिन्यांत ताकद भराभर वाढते. पिशवी हातात लोंबते, डंबेल मुठीत वेगळा बसतो, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. प्रत्यक्ष सुरुवात पाण्याच्या आकड्यापेक्षा थोडी खालूनच करा.

माझा सल्ला स्पष्ट आहे. रिकाम्या डंबेल रॉडची एक जोडी घ्या आणि सुट्ट्या लोखंडी प्लेट घ्या.

हिशेब असा. डंबेल दोन्ही बाजूंनी सारखा भरावा लागतो, म्हणून एका डंबेलमध्ये प्लेट जोडीनेच चढते, आणि डंबेलच्या जोडीसाठी प्रत्येक वजनाच्या चार प्लेट लागतात. अर्ध्या किलोची प्लेट घेतली तर एका डंबेलची पायरी एक किलोची होते. सव्वा किलोची प्लेट ही सगळ्यात लहान असेल तर पायरी थेट अडीच किलोची. बऱ्याच तयार सेटमध्ये अर्ध्या किलोच्या प्लेट नसतातच. त्या वेगळ्या मागून घ्या. दिसायला खेळण्यासारख्या वाटतात, पण तुमच्या सेटमध्ये सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच होणार आहे.

समजा रॉड लॉकसकट (प्लेट जागेवर धरणाऱ्या नटांसकट) दोन किलोचा आहे, आणि तुम्ही अर्धा, सव्वा, अडीच आणि पाच किलोच्या प्रत्येकी चार प्लेट घेतल्या. मग एकेका डंबेलवर तुम्हाला ही वजनं लावता येतील: २, ३, ४.५, ५.५, ७, ८, ९.५, १०.५, १२, १३, १४.५, १५.५, १७, १८, १९.५ आणि २०.५ किलो. सोळा वजनं, आणि कुठेही दीड किलोपेक्षा मोठी पायरी नाही. सगळं मिळून ४१ किलो लोखंड. तुमचा खांदा साडेचारवर असेल, पाठ आठवर, मुलीच्या मांड्या वीसवर, तरी प्रत्येकाला आपापली पायरी सापडते. मांड्यांना एक डंबेल पुरेनासा झाला की दोन्ही हातांत एकेक धरायचा, म्हणजे ४१ किलोपर्यंत मजल जाते. तुमचे जुने गुलाबी डंबेलही टाकू नका. अंग गरम करायला आणि हात बाजूला उचलण्याच्या व्यायामाला दोन किलो अगदी योग्य आहेत.

विकत घेताना काही गोष्टी हाताने तपासून पाहा. पहिली, प्लेटचं भोक. घरगुती रॉडला साधारण २५ ते ३० मिलिमीटर भोकाच्या प्लेट बसतात, तर स्पर्धेच्या बारची टोकं ५० मिलिमीटर जाडीची असतात. ५० च्या प्लेट बारीक रॉडवर लटपटतात, २५ च्या जाड बारवर चढतच नाहीत. रॉड आणि प्लेट एकाच मापाच्या घ्या आणि ते माप लिहून ठेवा, पुढे भर घालताना लागेल. दुसरी, लॉक. टोकाला आटे असलेला रॉड आणि त्यावर फिरणारा, आतून रबराची चकती असलेला नट, हाच घ्या. स्प्रिंगची क्लिप पटकन लागते खरी, पण डोक्यावर वजन नेताना मला तिचा भरवसा वाटत नाही. नटसुद्धा व्यायाम करता करता सैल होतो. व्यायामाच्या प्रत्येक सेटच्या (म्हणजे न थांबता केलेल्या फेरीच्या) आधी दोन्ही बाजू घट्ट फिरवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, मुलीलाही लावा.

तिसरी गोष्ट मूठ. साधारण २८ मिलिमीटर जाडीचा रॉड बहुतेक हातांना बसतो. तुमचा तळवा लहान असेल तर ३२-३५ चा जाड रॉड टाळा, नाहीतर पाठीचा व्यायाम करताना पाठ थकायच्या आधी बोटंच सुटतील. पकडीच्या जागी बारीक खरखरीत नक्षी असावी, पण हाताला टोचेल इतकी नको. आणि रॉड ३५ ते ४० सेंटिमीटर लांब हवा, म्हणजे चारही प्लेट आणि नट दोन्ही बाजूंना मावतात. हे प्रत्यक्ष भरून बघा.

प्लेट लोखंडीच हव्यात. प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या प्लेट दिसायला छान असतात, पण लोखंड सिमेंटपेक्षा सुमारे तिप्पट घन असल्यामुळे तेवढ्याच वजनाची सिमेंटची प्लेट फार फुगीर होते. रॉडवर मावत नाही, मांडीला अडते, आणि आपटली की कवच तडकून भुगा सांडतो. लोखंडावर रबराचं आवरण असेल तर चांगलंच, फरशी वाचते आणि आवाजही कमी होतो. घरी आणल्यावर प्रत्येक प्लेट वजनकाट्यावर ठेवा. ओतीव लोखंडाच्या स्वस्त प्लेटवर छापलेला आकडा आणि खरं वजन यांत फरक निघतो. एका डंबेलच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या भरणाऱ्या प्लेट लावा. छापलेला आकडा किलोत आहे की पौंडात हेही बघा, कारण एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, ४५४ ग्रॅम. वापरलेल्या प्लेट मिळाल्या तर खुशाल घ्या, लोखंड म्हातारं होत नाही. फक्त रॉडचे आटे झिजलेले नसावेत.

आता घरातल्या तिन्ही सूचनांबद्दल, कारण त्या प्रेमाने केलेल्या आहेत आणि प्रत्येकीत काहीतरी तथ्य आहे.

डायलचे डंबेल खरंच जागा वाचवतात आणि दहा सेकंदांत वजन बदलतं. पण त्यांच्या पोटात नाजूक यंत्रणा असते. ते हातातून निसटून पडलेले चालत नाहीत, बिघडले तर घरी दुरुस्त होत नाहीत, आणि अनेकांची पायरी दोन ते अडीच किलोची असते. प्लेट पकडीतून सुटून पडल्याच्या तक्रारी आल्यामुळे २०२५ मध्ये अमेरिकेत अशा प्रकारचे लाखो डंबेल परत मागवले गेले होते. नवऱ्याला घ्यायचेच असतील तर छोट्या पायरीचे बघा आणि प्रत्येक वेळी पाळण्यातून (ते ज्या खाचेत ठेवतात त्या तळातून) उचलल्यावर कमरेखालीच हलवून खात्री करा, मगच अंगावर न्या. माझं मत विचाराल तर तीन माणसांच्या घरात, रोजच्या वापराला, आट्यांचा रॉड वर्षानुवर्षं टिकतो. प्लेट बदलायला मिनिटभर जास्त जातो, तेवढी विश्रांती दोन सेटच्या मध्ये लागतेच.

मुलीच्या बारबद्दल. स्पर्धेचा बार २.२ मीटर लांब आणि नुसताच २० किलोचा असतो, स्त्रियांचा १५ किलोचा आणि दोन मीटरच्या जरा वर. तुमच्या अडीच मीटरच्या कोपऱ्यात तो भिंतींना घासणार आणि प्लेट चढवायला बाजूला जागा उरणार नाही. त्याहून मोठी अडचण सुरक्षेची आहे. बेंचवर झोपून बार छातीवर आणला आणि वर गेला नाही, तर एकटी मुलगी त्याखाली अडकते. ते टाळायला दोन्ही बाजूंना आधाराचे दांडे असलेला रॅक लागतो, म्हणजे आणखी जागा. डंबेल अडला तर बाजूला ठेवून देता येतो. तिला सांगा, या सेटवर वर्षभर मेहनत घे, आणि वीस किलोचे डंबेल दोन्ही हातांत घेऊन बारा बैठका नीट मारायला लागलीस की बारचा विचार करू. तेव्हा त्याच भोकाचा आखूड बार घेतला तर आताच्या सगळ्या प्लेट त्यावर चढतील. दरम्यान तिच्यासाठी तिसरा रिकामा रॉड घेतला तर दोघींना एकमेकींसाठी थांबावं लागणार नाही.

बेंच आता नको. छातीचा व्यायाम जमिनीवर पाठ टेकून होतो. कोपर जमिनीला लागलं की हालचाल तिथेच थांबते, त्यामुळे खांदाही सुरक्षित राहतो. कोपऱ्यातली अर्धी जागा बेंचने खाल्ली तर बाकीचे व्यायाम कुठे करणार?

केटलबेल मला फार आवडते. तिचं वजन मुठीच्या खाली, दूर असतं, त्यामुळे झुलवण्याच्या व्यायामाला तिच्यासारखं साधन नाही. पण ती एकाच वजनाची असते आणि तिच्या नेहमीच्या पायऱ्या चार-चार किलोच्या: ८, १२, १६, २०, २४. आठवरून बारावर जाणं म्हणजे पुन्हा पन्नास टक्क्यांची उडी. झुलवायला कमरेपासून वाकण्याची पद्धत आधी पक्की लागते, ती कच्ची असेल तर सगळा झटका मणक्यावर येतो. तुमच्या हाडांच्या तपासणीनंतर मी पहिल्या सहा महिन्यांत झुलवणं सुचवणार नाही. नंतर एखादी घ्यावीशी वाटलीच तर मुठीच्या आतल्या बाजूने बोट फिरवून पाहा. ओतकामाची धार राहिली असेल तर तळहात सोलतो.

जमिनीची काळजी सोडा. राहत्या घरांच्या जमिनी सर्वसाधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो भार गृहीत धरून बांधतात. तुमचं ४१ किलो लोखंड म्हणजे कोपऱ्यात एक शाळकरी मूल उभं राहिल्यासारखं. जमिनीला भीती ठेवलेल्या वजनाची नसते, आपटलेल्या वजनाची असते. दहा-पंधरा मिलिमीटर जाडीची घट्ट रबरी चटई अंथरा. मऊ, फेसाळ गादी नको, तिच्यावर पाय डुगडुगतात आणि लोखंडाखाली ती दबून बसते. चटई असली तरी वजन टाकायचं नाही, ठेवायचं. खालच्या मजल्यावरच्यांसाठी तर ते आवश्यकच आहे, पण सावकाश खाली ठेवणं हासुद्धा स्नायूंसाठी व्यायामच आहे.

आणि व्यायाम संपल्यावर वजनं जमिनीवर ठेवून देऊ नका. गुडघ्याएवढ्या उंचीच्या, न डगमगणाऱ्या स्टुलावर किंवा मांडणीवर ठेवा. मी लोकांच्या कमरा व्यायाम करताना दुखावलेल्या फार कमी पाहिल्या आहेत. व्यायाम झाल्यावर बेसावधपणे, पाठ गोल करून, कोपऱ्यातला डंबेल उचलताना दुखावलेल्या पुष्कळ पाहिल्या. तुमच्यासाठी हे दुप्पट महत्त्वाचं. विरळ झालेल्या मणक्यांना पाठ गोल करून उचललेलं ओझं आणि ओझ्यासकट कमरेतून मारलेला पीळ अजिबात चालत नाही. वाकायचं ते नितंब मागे ढकलून, पाठ फळीसारखी सरळ ठेवून. वजन छातीवर घेऊन पोटाच्या उठाबशा काढायच्या नाहीत.

नवऱ्यासाठी दोन शब्द. रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे का हे डॉक्टरांना विचारून मगच सुरुवात करू द्या. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणात खूप वर जातो. वर उचलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. बारा ते पंधरा वेळा जमेल असं वजन घ्यावं आणि शेवटची ताकद निपटून काढेपर्यंत ताणू नये. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम करावा असं सांगतं. तुम्ही दोनपासून सुरू करा, मध्ये किमान एक दिवस मोकळा. हालचाली पाचच: डंबेल छातीशी धरून खुर्चीवर बसणं-उठणं, दोन्ही हातांत वजन घेऊन नितंबातून वाकणं, एक हात टेकून दुसऱ्याने ओढणं, जमिनीवर झोपून छातीवरून ढकलणं, आणि बसून डोक्यावर नेणं. प्रत्येकीचे दोन सेट, आठ ते बारा वेळा. एका वजनावर दोन्ही सेटमध्ये बारा वेळा नीट झालं, आणि सलग दोन दिवस झालं, की पुढच्या पायरीवर जायचं. तिथे पुन्हा आठपासून. खांद्याची पायरी कदाचित महिना-दीड महिन्याने बदलेल, मांड्यांची दर आठवड्याला. त्यांची तुलना करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकणं साहजिक आहे. सांध्यात टोचणारी कळ मात्र वेगळी, ती आली तर एक पायरी खाली या.

तीन-चार महिन्यांनी या हालचाली हाताच्या मळासारख्या झाल्या की मांड्या आणि पाठीसाठी पाच-सहाच वेळा जमेल असं जड वजन घ्यायला सुरुवात करायची. हाडांना खरी हाक तिथे पोहोचते. त्याआधी एखाद्या जाणकार प्रशिक्षकाकडून तीन-चार वेळा तुमचं वाकणं आणि बसणं डोळ्यांखालून घालून घ्या, आणि हाडांचा अहवाल त्यांना दाखवा. या खर्चात कुचराई करू नका. एखादी प्लेट कमी घेतली तरी चालेल.

पाण्याची परीक्षा याच आठवड्यात घ्या आणि तिघांचे नऊ आकडे मला कळवा. नवऱ्याची परीक्षा डॉक्टरांचा होकार आल्यावर. आकडे आले की कोणत्या प्लेट किती घ्यायच्या याची यादी मी करून देते. खांद्याच्या परीक्षेत तुमचा आकडा दोन लिटरच्या खाली आला तर बिचकू नका. तुमच्या वयात, हाडं विरळ व्हायला लागलेली असताना, खांदा तिथूनच सुरू होतो. तेव्हा रॉड दोन किलोऐवजी एक-दीड किलोचा बघू.